खाऱ्या हौदाची निरवानिरव

घरांतील प्रवाळांचा खारा काचहौद आवरता घ्यावयाचा असें कोणीं ठरविलें, म्हणजे पुण्यबुद्धीनें मासे समुद्रांत सोडण्याचा सल्ला हटकून मिळतो. आम्हांस विचाराल तर हें पुण्य नव्हे. हिंदी व प्रशांत महासागरांतील सिंहमासा १९८५ सालीं फ्लॉरिडानजीक अटलांटिकांत आढळला. तो पाळणाऱ्यांनींच सोडला असावा, असें तज्ज्ञ मानतात. तेथील लहान माशांचा तो काळच झाला आहे. विक्रीही सावधपणेंच करावी. शैलनिर्मिती करणारीं प्रवाळें २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. तीं बाजारांत न मांडतां आधीं वनखात्यास विचारावें. मासे जाणत्या पाळकास द्यावे. दगड सर्वांत शेवटीं व ओलेच हलवावे. त्यांतील सूक्ष्म जंतूच पाणी निर्विष ठेवितात. पाळिलेल्या जिवाची पुढील सोय लावणें हाही गृहस्थधर्मच होय.