विश्लेषण : फवारणीनंतर बरे वाटले, तरी धोका का टळत नाही?

सोयाबीन, कपाशी, तुरीवर फवारणी सुरू झाली की वाशिम जिल्ह्यात विषबाधेची धास्तीही सुरू होते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी घेतला. त्यानंतर राज्य सरकारने वाशिमसह पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट आणि प्रोफेनोफॉस ही त्यांतील नावे ऑरगॅनोफॉस्फेट गटातील. हा गट थेट मज्जासंस्थेवर घाव घालतो.

नेमके काय बिघडते?

एका चेतापेशीकडून दुसरीकडे किंवा स्नायूकडे निरोप पोहोचवण्याचे काम ॲसिटिलकोलीन हे रसायन करते. निरोप पोहोचताच ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे प्रथिन त्या रसायनाचे तुकडे करते आणि निरोप थांबतो. ऑरगॅनोफॉस्फेट याच प्रथिनाला चिकटून ते निकामी करते. मग निरोप थांबतच नाही. लाळ व घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, धूसर दिसते, उलट्या होतात, स्नायू फडफडतात. शेवटी श्वास अडतो.

किडीचे औषध माणसाला का बाधते?

कीड, शेतात शिरणारे वानर आणि माणूस, तिघांच्याही चेतासंस्थेत हे प्रथिन तेच काम करते आणि त्याची रचनाही बरीच मिळतीजुळती असते. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके मात्र निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला चिकटतात. ते प्रथिन किडीत आणि माणसात बरेच वेगळे असते. त्यामुळे माणसाला असलेला धोका तुलनेने कमी, पण शून्य नाही.

उपचार कसे होतात?

ॲट्रोपिन जादा निरोपांना अडवते. प्रॅलिडॉक्झिम प्रथिनाला चिकटलेले विष सोडवू शकते, पण ही जोड काही काळाने पक्की होते आणि मग ती सुटत नाही. म्हणून दवाखाना लवकर गाठणे आणि सोबत कीटकनाशकाचा डबा किंवा त्यावरचे लेबल नेणे महत्त्वाचे.

दुसऱ्या दिवशी पंप उचलावा का?

खरी गफलत इथेच होते. निकामी झालेले प्रथिन शरीराला नव्याने तयार करावे लागते. त्याला दिवस नव्हे, आठवडे लागतात. तांबड्या रक्तपेशींना ते नव्याने बनवताच येत नाही. जुन्या पेशी जाऊन नव्या येण्यास सुमारे १२० दिवस लागतात. लक्षणे ओसरली तरी साठा भरलेला नसतो. अशात पुन्हा फवारणी केली, तर एरवी सोसली असती एवढी मात्राही जिवावर बेतू शकते.

सर्वाधिक धोका कोणाला?

रोजंदारीवर आज या, उद्या त्या शेतात सलग फवारणी करणाऱ्या मजुराला. प्रत्येक शेतमालक आपल्यापुरता एक दिवस मोजतो, मजुराच्या शरीरात मात्र सगळ्या दिवसांची बेरीज होते. ही घट रक्तातील कोलिनएस्टरेज तपासणीत दिसते. मात्र प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असल्याने हंगामापूर्वी एक आणि हंगामात एक अशा दोन तपासण्या केल्या, तरच तुलना होते.

तोवर काय करता येईल?

डब्यावरील त्रिकोण पाहावा : लाल सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. विष कातडीतूनही आत जाते, म्हणून भिजलेले कपडे लगेच बदलून साबणाने अंग धुवावे. एकदा बाधा झालेल्या व्यक्तीने डॉक्टरांनी सांगेपर्यंत पंपाला हात लावू नये.