अनुभव वाढतो, वेतनश्रेणी मात्र नाही

रुग्णालयातील खाट कधी हंगामी नसते. तिच्यावरचा रुग्ण बदलतो. पण त्याला वेळेवर औषध देणारी, सलाईनकडे लक्ष ठेवणारी, रात्री दोन वाजता त्याचा श्वास बिघडला हे प्रथम ओळखणारी परिचारिका त्या खाटेपाशी बारा महिने लागते. काम असे कायमचे असताना ते करणाऱ्या हजारो परिचारिकांची नेमणूक मात्र अकरा महिन्यांची असते. मुदत संपली की एखाद्या दिवसाचा तांत्रिक सेवाखंड दाखवायचा आणि नवा आदेश हाती ठेवायचा, हा प्रकार आता सरकारी व्यवस्थेच्या अंगवळणी पडला आहे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले. पुढे शहरी भागही त्यात आला आणि २०१३ पासून ते राष्ट्रीय आरोग्य अभियान या नावाने चालू लागले. योजना ठरावीक काळापुरती, म्हणून तिच्यातील पदेही ठरावीक काळापुरती, असा युक्तिवाद आरंभी करता येण्याजोगा होता. दोन दशकांनंतर तो टिकत नाही. ज्या योजनेवर प्रसूतिगृहे आणि नवजात अर्भकांचे कक्ष विसंबून आहेत, तिला तात्पुरती म्हणणे ही वस्तुस्थिती नव्हे, सोय आहे.

या सोयीची किंमत कोण देते, हे आकड्यांवरून कळते. सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. पहिल्या पायरीवर लागलेल्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन दहा वार्षिक वेतनवाढींनंतर ४७,६०० रुपये होते. महागाई भत्ता वेगळा, आणि पुढे परिसेविकेच्या पदाची वाटही मोकळी असते. अभियानातील कंत्राटी परिचारिकेच्या जाहिरातींत मात्र अनेक ठिकाणी २०,००० रुपयांच्या ठोक मानधनाचा उल्लेख आढळतो. त्यात वाढ होते ती आराखड्यात तरतूद असेल तेवढी. ती अनुग्रह असते, हक्काची पायरी नसते. बढतीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. एकाच कक्षात, एकाच पाळीत दोघी काम करतात. एकीचा अनुभव सेवापुस्तकात नोंदला जातो, दुसरीचा सेवाखंडाबरोबर पुसला जातो.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे पाहिले आहे, पण टप्प्याटप्प्याने. उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये मागील दाराने होणाऱ्या नेमणुकांना लगाम घातला. त्याच निकालात, मंजूर पदांवर दहा वर्षे काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्यांना एकवार नियमित करण्याची मुभाही होती. लगाम सर्वांच्या लक्षात राहिला, मुभा विसरली गेली. २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात न्यायालयाने समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. परंतु त्यांना मिळाले ते वेतनश्रेणीचे किमान वेतन. म्हणजे शिडीची पहिली पायरी मिळाली. वर चढण्याचा हक्क मिळाला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन बजावले की, दीर्घकाळ कायमस्वरूपी काम करणाऱ्यांना वंचित ठेवण्यासाठी उमादेवी निकालाची ढाल करता येणार नाही. वेतनवाढ आणि प्रगतीची संधी नाकारणे, हाही न्यायालयाने या शोषणाचाच एक प्रकार मानला.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आज कंत्राटावर असलेल्या सर्वांना सरसकट कायम केले, तर परीक्षेची वाट पाहत बसलेल्या, तितक्याच पात्र तरुणींच्या समान संधीचे काय? आक्षेप खरा आहे. पण त्याचा रोख चुकीच्या दिशेने आहे. वर्षानुवर्षे भरती लांबवून पदे रिक्त ठेवली ती कंत्राटी परिचारिकेने नव्हे, शासनाने. दोन पिढ्यांतील परिचारिकांना एकमेकींविरुद्ध उभे करून मूळ दोष झाकता येत नाही.

मार्ग अपरिचित नाही. महाराष्ट्रातील शिक्षकांना शिक्षणसेवक पद्धती चांगली ठाऊक आहे. तिच्यातील मानधन तुटपुंजे म्हणून तिच्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. तरीही तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी, हा तिचा शेवट निश्चित असतो. परिचारिकेच्या कंत्राटाला असा शेवटच नाही. अभियानात दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा निर्णय महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला. मात्र त्याच्या अंमलबजावणीच्या मागणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले. निर्णय आणि आदेश यांच्यामधील हे अंतर कापण्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील : नियमित भरती ठरल्या वेळी व्हावी, तिच्यात कंत्राटी सेवेच्या प्रत्येक वर्षाला गुण आणि वयाची सवलत मिळावी, आणि नियमित होताना ती वर्षे वेतननिश्चितीत धरली जावीत. तिसरी गोष्ट वगळली, तर दहा वर्षांची अनुभवी परिचारिका पुन्हा पहिल्याच पायरीवर उभी राहील.

खर्च वाढेल, हे उघड आहे. परंतु आजही खर्च होतोच. तो फक्त अंदाजपत्रकात दिसत नाही. अनुभवी परिचारिका खाजगी रुग्णालयात किंवा परदेशी निघून जाते, तिच्या जागी आलेली नवखी मुलगी पुन्हा पहिल्यापासून शिकते, आणि त्या शिकण्याच्या काळातील चुकांचा भार रुग्णावर पडतो. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, देशभर काही महिन्यांच्या बोलीवर परिचारिका नेमण्यात आल्या. त्यांच्यावर पुष्पवृष्टीही झाली. साथ ओसरताच त्यांतील अनेकींच्या हाती सेवासमाप्तीचे आदेश पडले. त्या कक्षांत त्यांनी जे ज्ञान मिळवले, ते त्यांच्याबरोबरच रुग्णालयाबाहेर गेले. फुलांनी गौरव होतो. अनुभव टिकवायचा तर त्याची नोंद सेवापुस्तकात आणि वेतनात व्हावी लागते.