विश्लेषण : ब्रिटिश सैनिक ‘टॉमी’ का झाला?

दोन्ही महायुद्धांत जर्मन सैनिक समोरच्या ब्रिटिश सैनिकाला ‘टॉमी’ म्हणत. ब्रिटिश जनताही आपल्या सैनिकांना याच नावाने ओळखे. नाव लाडाचे वाटते. पण ते एका सरकारी कागदातून आले आहे आणि साध्या शिपायाची किंमत काय होती, हेही त्यातून कळते.

नाव आले कुठून?

ब्रिटिश युद्ध खात्याच्या १८१५ मधील कागदपत्रांत, सैनिकाची हिशेब-पुस्तिका कशी भरावी हे दाखवण्यासाठी ‘थॉमस ॲटकिन्स’ हे नमुन्याचे नाव वापरलेले आढळते. आपल्याकडे ‘अमुक तमुक’ लिहावे तसे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनने एका शूर, मरणासन्न शिपायाच्या स्मरणार्थ हे नाव निवडले, अशी गोष्ट सांगितली जाते. तिला ठोस आधार नाही. पुढे थॉमसचा ‘टॉमी’ झाला आणि हजारो माणसांना मिळून एकच नाव उरले.

कौतुक फक्त युद्धापुरते?

मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९० मध्ये ‘टॉमी’ ही कविता लिहिली. शांततेच्या काळात दारूच्या गुत्त्यातून हाकलला जाणारा शिपाई लढाई सुरू होताच सर्वांना नायक वाटू लागतो, हा तिचा विषय. पहिल्या महायुद्धात हा दुटप्पीपणा आणखी भीषण झाला. सोमच्या लढाईत १ जुलै १९१६ या एका दिवसात १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले. याच युद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना माफी मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले.

आज काय म्हणतात?

आज साध्या सैनिकासाठी ‘स्क्वॉडी’ हा शब्द रूढ आहे. तो ‘स्क्वॉड’, म्हणजे तुकडी, या शब्दाशी जोडला जातो. शिपाईही मागे नाहीत. उच्चभ्रू घरातून आलेल्या तरुण अधिकाऱ्याला ते ‘रूपर्ट’ म्हणतात. वर्गभेदावर शिपायाने काढलेला हा चिमटा आहे.

देवळालीचा संबंध काय?

भारतातील सेवा संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळाली छावणीत थांबत. उकाडा, रिकामपण, आजारपण यांनी काहींचे मानसिक संतुलन ढळे. सैनिकांनी त्याला ‘डूलॅली टॅप’ म्हटले. ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. इंग्रजीत ‘डूलॅली’ आजही डोके फिरलेल्या माणसासाठी गमतीने वापरतात. घराची वाट पाहत खचलेल्या शिपायाचे दुःख विस्मरणात गेले, विनोद तेवढा उरला.

मग चूक कुठे?

टोपणनावात चूक नाही. बरोबरीच्या सैनिकांनी दिलेल्या नावात आपुलकीही असते. पण समाज त्या नावावरच समाधान मानतो, तेव्हा नावामागचा माणूस दिसेनासा होतो. टोपणनाव द्यायला काही खर्च येत नाही. निवृत्तिवेतन, घर आणि मनावरचे उपचार यांना मात्र पैसा लागतो. सैनिकावरचे प्रेम मोजायचे, तर ते तिथेच मोजायला हवे.