भाड्याच्या घराची उपेक्षा

मुलीचे स्थळ पाहताना ‘घर स्वतःचे की भाड्याचे?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. भाड्याने राहणारा माणूस अजून स्थिरावलेला नाही, अशी त्यामागील समजूत. शासनाची गृहनीतीही वर्षानुवर्षे याच समजुतीवर चालत आली आहे.

२०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून २०११चेच आकडे घेऊ. त्यानुसार ग्रामीण भागात अवघी साडेतीन टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. शहरांत मात्र २७.५ टक्के, म्हणजे दोन कोटींहून अधिक. यांत चाळीतली खोली आली, सोसायटीतला फ्लॅट आला आणि तालुक्याच्या गावी बदलून आलेल्या शिक्षकाने वा बँक कर्मचाऱ्याने घेतलेले बैठे घरही आले. १९६१ साली शहरांतील हेच प्रमाण ५४ टक्के होते. पन्नास वर्षांत ते निम्म्यावर आले. याचा अर्थ सर्वांना स्वतःची घरे मिळाली असा कोणी लावू नये. झोपडी ज्याची तोही जनगणनेत मालकच ठरतो!

त्याच जनगणनेत शहरांमध्ये सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. दोन भाडेकरू कुटुंबांमागे कुलूप लागलेले एक घर. घरमालक घर रिकामे ठेवील, पण भाड्याने देणार नाही, ही वृत्ती एका दिवसात जन्मलेली नाही. मुंबई प्रांताच्या १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. महायुद्धानंतरच्या टंचाईत त्याची गरज होती. परंतु तात्पुरता उपाय अर्धशतक टिकला. भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना, इमारती खचल्या, पागडीचा व्यवहार बोकाळला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या राज्य कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीस वाव दिला, पागडीलाही मान्यता दिली. जुना भाडेकरू संरक्षित राहिला आणि नव्याच्या वाट्याला आला अकरा महिन्यांचा परवाना. मुदत सरली की पुन्हा दलाल, पुन्हा अनामत रक्कम, पुन्हा मुलांची शाळा बदलण्याची विवंचना.

२०२०च्या टाळेबंदीत लक्षावधी श्रमिक गावाकडे पायी निघाले. भाडे थकले तर शहरात डोके टेकायला जागा नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यानंतर केंद्राने परवडणाऱ्या भाडेसंकुलांची योजना आखली. २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदाही मंजूर केला. निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, या त्यातील तरतुदी स्वागतार्ह आहेत. मात्र हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील. राज्यांनी स्वीकारल्याखेरीज तो मसुदा कागदावरच राहतो.

मालकाला घर परत मिळण्याची हमी आणि भाडेकरूला निदान तीन-चार वर्षांची निश्चिती, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात बसविणे अशक्य नाही. करार संपल्यावरचा वाद काही महिन्यांत निकाली निघाला, तर बंद घरांची कुलपे मालक स्वतःच उघडतील.