गृहव्यवस्था : संडासाची टाकी केव्हां उपसावी ?

सुव्यवस्थित कुटुंबांत बहुतेक सर्व कामांची वेळ ठरलेली असते. पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावयाचीं, दसऱ्यापूर्वीं माळे झाडावयाचे, विम्याचा हप्ता व घरपट्टी मुदतींत भरावयाची, या गोष्टी कोणास सांगाव्या लागत नाहींत. परंतु त्याच घराच्या परसांत फरशीखालीं जी टाकी रात्रंदिवस मुकाट्यानें काम करीत असते, ती शेवटची केव्हां उपसली असें यजमानांस विचारलें तर बहुधा उत्तर मिळतें, "अद्याप तुंबली नाहीं !" या उत्तरांतील गैरसमज दूर करावा एवढाच आमचा आजचा हेतु आहे. टाकी तुंबली म्हणजे उपसण्याची वेळ आली असें नव्हे; ती वेळ केव्हांच टळून गेली असें समजावें.

ज्यांच्या दारावरून नगरपालिकेचें भुयारी गटार गेलें आहे, त्यांनीं हें प्रकरण सोडून दिलें तरी चालेल. परंतु लहान गांवें, कोंकणांतील घरें आणि शहरांच्या सीमेवरील नव्या वसाहती यांतील असंख्य कुटुंबांचा निर्वाह या टाकीवरच चालतो. ही युक्ति कांहीं आजची नव्हे. फ्रान्समधील लुई मूरा यांनीं १८८१ सालीं अशा टाकीचें पेटंट मिळविलें, आणि इंग्लंडांतील एक्झिटर शहराचे अभियंते डोनाल्ड कॅमेरॉन यांनीं १८९५ च्या सुमारास तिला 'सेप्टिक टँक' हें नांव दिलें. तेंच नांव आपल्या घरांत रूढ झालें आहे.

टाकींत काय घडतें तें एकदां समजलें म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप ध्यानांत येतात. आंत आलेल्या मैल्याचे तीन भाग होतात. जड भाग तळाशीं बसतो, तो गाळ. तेलकट व हलका भाग वर तरंगतो, त्याची साय धरते. मध्यें जें पाणी उरतें तें पुढील नळीवाटे शोषखड्ड्यांत जातें. हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु गाळाचें पचन करितात व त्यांतून वायु निर्माण होतात; त्याकरितांच उंच नळी बसविलेली असते. परंतु हें पचन कधींच पूर्ण होत नाहीं. कांहीं शेष राहतेंच, आणि तें वर्षानुवर्षें सांचत जातें. गाळ वाढला कीं मधल्या पाण्याची जागा कमी होते, मैल्यास खालीं बसावयास अवधि मिळत नाहीं, आणि तो तसाच शोषखड्ड्यांत जाऊन तेथील जमिनीचीं छिद्रें बुजवितो. टाकी उपसतां येते. बुजलेली जमीन मात्र पुनः सच्छिद्र करणें फार कठीण.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. सर्वसाधारण घरानें दोन ते तीन वर्षांतून एकदां टाकी उपसावी, असा आपल्या देशांतील जाणत्या अभियंत्यांचा अभिप्राय आहे. तो कोठून आला तें थोड्या हिशेबानें पाहूं. भारतीय मानकांत पांच माणसांच्या घरासाठीं जी लहानांत लहान टाकी सांगितली आहे, तिची लांबी १·५ मीटर, रुंदी ०·७५ मीटर आणि पाण्याची खोली सुमारें १ मीटर असते. तींत सुमारें ११०० लिटर पाणी मावतें. त्याच मानकांत पचन झालेला गाळ दर माणशीं दररोज ०·२१ लिटर धरला आहे. म्हणजे वर्षास सुमारें ७७ लिटर व पांच माणसांचा मिळून ३८५ लिटर. एका वर्षांत टाकीचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग भरला, दोन वर्षांत दोन-तृतीयांश ! अशा लहान टाकीनें दोन वर्षांची मर्यादा ओलांडूं नये हें यावरून उघड आहे. प्रत्यक्षांत कांहीं घरांत गाळ याहून कमी सांचतो, आणि टाकी मोठी व माणसें दोनच असतील तर मुदत साहजिकच लांबते. म्हणून केवळ कॅलेंडरावर न विसंबतां वर्षांतून एकदां माप घ्यावें. लांब काठीला पांढरें फडकें गुंडाळून ती झांकणावाटे हळूच तळापर्यंत सोडावी व क्षणभरानें वर काढावी. गाळ जेथपर्यंत असेल तेथपर्यंत फडकें काळें होतें. साय व गाळ मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा झाला कीं गाडी बोलवावी. हें माप घेतांना झांकणावर वांकूं नये, जवळ काडी ओढूं नये, आणि मुलांस दूर ठेवावें.

टाकी उपसल्यावर ती कोरडी ठक्क करण्याचा आग्रह धरूं नये. तळाशीं थोडा गाळ राहिला तर तो पुढील पचनास विरजणासारखा उपयोगी पडतो. फायबरची किंवा प्लॅस्टिकची टाकी भर पावसाळ्यांत रिकामी ठेवल्यास भूमिगत पाण्याच्या दाबानें ती वर उचलली जाण्याचें भय असतें. ती लगेच पाण्यानें भरावी. बाजारांत मिळणाऱ्या जादूच्या पुड्यांनीं उपसणें टळत नाहीं. उलट फिनेल व ॲसिड यांचा अतिरेक केल्यास कामाचे जंतुच मरतात. ज्यांच्या घरीं विहीर आहे त्यांनीं शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असल्याची खात्री करून घ्यावी.

येथवर घराच्या सोयीचा विचार झाला. याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. दहा-पंधरा वर्षें न उपसलेला गाळ घट्ट बसतो. पंपाच्या नळीनें तो ओढला जात नाहीं. मग कोणी तरी म्हणतें, "एक माणूस उतरवा, पांच मिनिटांचें काम आहे." त्या पांच मिनिटांत कित्येकांनीं प्राण गमावले आहेत. टाकींतील हायड्रोजन सल्फाइड वायूचें प्रमाण वाढलें म्हणजे तो प्रथम घ्राणेंद्रियच बधिर करितो. वास येत नाहीं म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि कोसळतो. त्यास काढावयास दुसरा उतरतो, तोही वर येत नाहीं. संरक्षक साधनांवांचून कोणासही टाकींत उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी केली आहे, आणि ही बंदी ठेकेदाराप्रमाणें घरमालकासही लागू आहे. अशा मृत्यूबद्दल द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं १० लक्ष रुपयांवरून ३० लक्षांवर नेली. परंतु गेलेला माणूस रकमेनें परत येत नाहीं.

उतरणारा माणूस बहुधा कोणत्या समाजांतला असतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं मैला साफ करण्याचें काम मागितलें; ब्राह्मण म्हणून तें नाकारलें गेलें, तेव्हां त्यांनीं अन्नत्याग केला. तेवढें धैर्य आम्ही कोणाकडे मागत नाहीं. आतां यंत्र उपलब्ध आहे. तें वेळेवर बोलावणें एवढेंच आपलें कर्तव्य उरलें आहे. आपला आळस दुसऱ्याच्या जिवावर बेतूं नये, इतकी दक्षता तरी शुचितेचा अभिमान बाळगणाऱ्या घरानें घ्यावयास नको काय ?

हें काम लोकांच्या आठवणीवर न सोडतां गांवानेंच हातीं घेतलें तर किती सुकर होतें, याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. सातारा जिल्ह्यांतील वाई नगरपरिषदेनें २०१८ सालीं तीन वर्षांतून एकदां प्रत्येक घराची टाकी पाळीपाळीनें उपसण्याची योजना सुरू केली. खर्च स्वच्छता करांतून भागविला आणि उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया करण्यासाठीं केंद्रही उभारलें. नाशिक जिल्ह्यांतील सिन्नरनेंही हाच मार्ग धरला. जेथें अशी व्यवस्था नाहीं तेथें गाडीवाल्यास मैला कोठें रिता करणार हें अवश्य विचारावें. ओढ्यांत ओतलेला मैला कोणाच्या तरी पाणवठ्यावर पोंचतोच.

व्यवहारांत उतरवावयाच्या गोष्टी तीनच. टाकीचें झांकण फरशीखालीं गाडलें असेल तर तें उघडतां येईल असें करून घ्यावें. उपसल्याची तारीख घराच्या कागदपत्रांत, घरपट्टीच्या पावतीशेजारीं लिहून ठेवावी. आणि यंदां कौलें चाळण्याचें काम निघेल त्याच आठवड्यांत काठी व फडकें घेऊन टाकीचें माप घ्यावें.