शांत वाटलं म्हणजे सुटलं असं नाही

हल्ली 'कंडिशनिंग' हा शब्द फार कानावर पडतो. मनावरचं कंडिशनिंग सोडा, मग आतली शांती आपोआप सापडेल, असं सांगणाऱ्यांची रांगच लागली आहे. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर तर या प्रकाराला चांगलीच बरकत आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरायचं, नागावला नाहीतर काशीदला दोन दिवस राहायचं, सकाळी वाळूवर डोळे मिटून बसायचं आणि रविवारी रात्री 'हलकं' होऊन घरी परतायचं.

माझं भांडण डोळे मिटून बसण्याशी नाही. समुद्रासमोर बसलं की बरं वाटतंच, त्यासाठी शिबिराची फी भरायचीही गरज नाही. माझं भांडण आहे ते त्यानंतर जो निष्कर्ष काढला जातो त्याच्याशी. शांत वाटतंय, म्हणजे मनावरचं ओझं सुटलं! हे मला साफ नामंजूर आहे.

गंमत बघा. कंडिशनिंगला आपल्याकडे जुना शब्द आहे, संस्कार. एकीकडे 'मुलांवर चांगले संस्कार झालेत' म्हणून आपण मान डोलावतो, आणि दुसरीकडे त्याच गोष्टीला इंग्रजी नाव दिलं की ती सोडायला शिबिरात जातो. संस्काराचं काम काय? विशिष्ट गोष्ट केली की बरं वाटावं आणि नाही केली की चुकल्या-चुकल्यासारखं वाटावं, हेच ना? म्हणजे संस्कार पाळल्यावरही मन शांतच होतं. उलट सगळ्यात जास्त शांत तेव्हाच होतं! मग शांत वाटणं हा संस्कार सुटल्याचा पुरावा कसा काय?

हे हवेतलं बोलणं वाटत असेल तर याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. किनाऱ्यावरून सावित्री नदीने आत गेलं की महाड लागतं. तिथलं चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे, निदान शाळेच्या पुस्तकातून. पण ती गोष्ट आपण फक्त हक्काची म्हणून वाचतो. मनाची गोष्ट म्हणून एकदा वाचून बघा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही सार्वजनिक ठिकाणं अस्पृश्यांना खुली करावीत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर प्रश्न मिटला होता. प्रत्यक्षात पुढची तीन वर्षं त्या पाण्याला अस्पृश्यांपैकी कुणाला हात लावता आला नाही. इतर धर्माच्या लोकांना तिथे मनाई नव्हती, गुराढोरांनाही नव्हती.

आता शिबिरातले गुरुजी म्हणतील, "भीती फक्त मनात असते." नाही हो! २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि परिषदेला जमलेले हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर काय झालं? हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि गावातल्या जमावाने परिषदेच्या लोकांना झोडपून काढलं. भीती मनातच होती, पण काठी खरी होती. ज्याला काठी दिसत नाही त्यानेच 'सगळं मनात असतं' म्हणावं.

पण मला जास्त बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या प्रसंगाबद्दल. मारझोड झाल्यावर गावातल्या सवर्णांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. घागरी १०८, पंचगव्य आणि मंत्रोच्चार. शेण आणि गोमूत्र पाण्यात पडल्यावर पाणी 'शुद्ध' झालं आणि तेच पाणी मंडळी पुन्हा पिऊ लागली.

आता सांगा, त्या दिवशी महाडात कुणाच्या मनाला शांती मिळाली असेल? माझ्या मते घागरी ओतणाऱ्यांना. अस्वस्थ झालेलं मन विधीने शांत झालं, सगळं पुन्हा जागच्या जागी आलं. त्यांना कुणी विचारलं असतं, तर आतून किती प्रसन्न वाटतंय हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं असतं. आणि ज्यांचं खरोखर काही सुटलं होतं, ते डोकी फुटलेल्या अवस्थेत घरी चालले होते. शांतीच्या मापाने मोजायचं तर शुद्धीकरणवाले साधक ठरतात आणि पाणी पिणारे अशांत जीव! म्हणूनच हे माप मला खोटं वाटतं.

पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रहासाठी मंडळी पुन्हा जमली. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक मुंबईहून बोटीने, दासगावमार्गे आले. कोर्टाचा मनाईहुकूम असल्यामुळे तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला गेला, पण २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. याच परिषदेच्या वेळी आंबेडकर तिथे जमलेल्या बायकांशीही बोलले. लुगडं नेसायची पद्धत, अंगावरचे जातीची ओळख सांगणारे दागिने, या गोष्टी बदला असं त्यांनी सांगितलं. आणि अनेकींनी तिथल्या तिथे बदल केला.

मला या लुगड्याच्या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. 'तुमच्या मनातला न्यूनगंड सोडा' असं सांगून काय होणार होतं? तो कुठे सापडणार? तो निऱ्यांमध्ये होता, गळ्यातल्या सरीत होता. हात लावून बदलता येईल अशा जागी त्यांनी बोट ठेवलं.

आणि 'अनादी काळापासून चालत आलंय' या समजुतीचं काय झालं? खटला मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. अस्पृश्यांना बंदी घालणारी प्राचीन वहिवाट असल्याचं सवर्ण पक्षाला सिद्धच करता आलं नाही, असं हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी ठरवलं. दहा वर्षं गेली त्यात. ज्या वहिवाटीसाठी माणसांची डोकी फोडली तिला पुरावा नव्हता! आपल्या मनातल्या किती 'वहिवाटी' अशा कोर्टात टिकतील?

हा विषय फक्त जातीचा नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकरी संप आठवा. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने २५ गावांच्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसल्याच नाहीत. 'खोत मालक, आपण त्याच्या दारचे' हे पिढ्यान् पिढ्या अंगात मुरलेलं होतं. ते सोडलं तेव्हा घरात काय आलं? उपास. सहा वर्षं हाल. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९३९ मध्ये आला, तो त्यानंतर. आधी अशांती, मग कधीतरी शांती, असा क्रम आहे हा. शिबिरात नेमका तो उलटा शिकवतात.

तुम्ही म्हणाल, "अहो, या सगळ्या सामाजिक गोष्टी झाल्या. आम्ही आतल्या प्रवासाबद्दल बोलतोय. माणूस आतून बदलला की बाहेरचं आपोआप बदलतं." हे आपोआप मी काही पाहिलेलं नाही. ध्यानाची वेगळी खोली आणि कामाला येणाऱ्या मावशींचा वेगळा कप, दोन्ही एकाच घरात मी पाहिलं आहे. 'सगळ्यांत एकच चैतन्य' ऐकून आल्यावर मुलीच्या लग्नासाठी पोटजातीसकट जाहिरात देणारेही पाहिलेत. त्यांची मनं अगदी शांत असतात हो. कपाला कुणी हात लावलेलाच नसतो ना!

आणि ज्यांचं नाव घेऊन कंडिशनिंगचे वर्ग चालतात, त्या जे. कृष्णमूर्तींनी काय केलं? ज्या संघटनेने त्यांना जगद्गुरू म्हणून वाढवलं, तीच त्यांनी १९२९ मध्ये स्वतः अध्यक्ष असताना विसर्जित केली. आधी ते केलं आणि मग पुढची अनेक वर्षं बोलत राहिले. आपण त्यांचं बोलणं तेवढं उचललं.

ध्यान करू नका असं मी म्हणत नाही. स्वतःच्या मनाकडे बघता आलं तर आपला कप कुठला हे तरी कळेल. पण कळणं आणि सोडणं यात महाडच्या रस्त्याएवढं अंतर आहे आणि ते चालावंच लागतं.

तेव्हा किनाऱ्यावरून कुणी हलकं होऊन आलं की मी त्याला एकच विचारतो. सोमवारी घरी काय वेगळं केलंस? कुणाला ताटावर बसवलंस, कुठला नियम मोडलास, कोण नाराज झालं तुझ्यावर? कुणीच नाराज झालं नसेल, सासूबाई खूश, सोसायटी खूश, भावकी खूश, तर मित्रा, सुट्टी छान झाली तुझी. सुटलं मात्र काहीच नाही.