बाल्कनी आत घेतली, हवा बाहेर राहिली

गणपती आटोपले की सोसायट्यांमध्ये हातोड्यांचा आवाज सुरू होतो. दिवाळीच्या आत घर 'करून घ्यायचे' असते. लिफ्टमध्ये प्लायवूड, जिन्यात सिमेंटच्या गोण्या, खालच्या मजल्यावरच्यांची धुसफूस, आणि मग एका रविवारी चहाला बोलावून दाखवलेले नवे घर. त्यात सर्वात आधी दाखवली जाते ती वाढलेली जागा. 'इथे आधी बाल्कनी होती,' असे यजमान सांगतात. हॉल खरोखरच मोठा दिसत असतो. पाहुणे कौतुक करतात आणि मनातल्या मनात आपल्या बाल्कनीचे माप घेऊ लागतात.

वर्ष-दोन वर्षांनी त्याच घरात 'काय चुकले?' असे विचारले, तर उत्तरे ठरलेली असतात. पांढऱ्या फरशीवर प्रत्येक केस दिसतो, ओट्यावर हळदीचे डाग पडले, कंत्राटदाराने सांगितले त्याच्या दीडपट पैसे गेले. बाल्कनीचे नाव त्यात सहसा येत नाही. धाकट्याचा खोकला पावसाळाभर हटत नाही, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो, भर दुपारी दिवा लावावा लागतो, सकाळी उठल्यावर डोके जड असते, हे मात्र सगळे सांगतात. फक्त ते वेगळ्या वेळी आणि वेगळ्या माणसांना सांगतात: डॉक्टरांना, औषधाच्या दुकानदाराला, वायरमनला. हातोडा पडला तो दिवस आणि खोकला सुरू झाला तो महिना यांचा संबंध कुणी लावत नाही.

बाल्कनी आत घेणाऱ्यांना हावरट म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. साडेचारशे चौरस फुटांत आजी-आजोबांसह पाच माणसे राहतात, दहावीतल्या मुलीला अभ्यासाला कोपरा नसतो, आणि शहरातला फुटाचा भाव बघता आणखी एक खोली विकत घेणे स्वप्नातही येत नाही. अशा वेळी तीन बाय दहाची पट्टी 'फुकट' मिळत असेल, तर नियमात बसवून किंवा न बसवता ती घेतली जाणारच. प्रश्न एवढाच, की ती पट्टी घेताना घरातून काय काढून घेतले जाते, हे सांगायला त्या वेळी कुणी हजर नसते. सुतार लाकडाचे सांगतो, डिझायनर रंगाचे सांगतो. हवेची मोजणी करणारा माणूस घराच्या कामात कुठे नसतोच.

ही मोजणी तशी अवघड नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दमट-उष्ण हवामानात खोलीच्या फरशीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश इतकी जागा हवेला खुली हवी. दारे त्यात धरायची नाहीत. मुंबई-ठाणे आणि सगळी कोकणपट्टी अशा हवामानाची. बारा बाय दहाच्या खोलीला म्हणजे २० चौरस फूट झाले. बाहेर उघडणाऱ्या लाकडी पल्ल्यांची जुनी पाच बाय चारची खिडकी पूर्ण उघडली, की नेमकी तेवढी जागा मिळते. नव्या घरात तिच्या जागी सरकती अॅल्युमिनियमची खिडकी येते. ती दिसायला नीटनेटकी असते, पण एक पल्ला दुसऱ्याच्या मागे जाणार असल्यामुळे काहीही केले तरी निम्मीच उघडते. २० चे १० झाले. त्यातल्या एका बाजूला टेबल आल्यामुळे तो पल्ला कधी सरकत नाही, वरच्या पट्टीत एसीच्या नळीसाठी काच कायमची बसवलेली असते, आणि धूळ नको म्हणून उरलेला पल्लाही बोटभरच उघडा राहतो. बाल्कनी आत घेतलेल्या घरात आणखी एक गंमत होते. बेडरूमची खिडकी जर त्या बाल्कनीत उघडत असेल, तर ती आता खिडकी राहत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत डोकावायचे ते भोक होते.

मग रात्री एसी लावला जातो, आणि एसीमुळे ताजी हवा येते अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ४२० असते. दारे-खिडक्या बंद करून दोन माणसे झोपली, की लहान खोलीत पहाटेपर्यंत ते सहज २००० च्या वर जाते. इतका कार्बन डायऑक्साइड काही विष नव्हे, पण तो खोलीच्या हवेचा हिशेब सांगतो. उच्छ्वासात हा वायू साधारण चार टक्के असतो. खोलीतले प्रमाण २००० झाले, याचा अर्थ आत घेतलेल्या हवेतला जवळपास पंचविसावा भाग आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून येऊन गेलेला असतो. घरात कुणाला फ्लू असेल, तर त्याचे विषाणू याच वाटेने दुसऱ्यापर्यंत पोहोचतात. क्षयाचे जंतूही हवेतूनच पसरतात, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत.

मुंबईला हे कळायला एक साथ यावी लागली होती. १८९६ मध्ये प्लेग आला आणि मांडवीच्या कोंदट चाळींतून शहरभर पसरला. प्लेग प्रत्यक्षात उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो. त्या काळी दोष कोंदट हवेला दिला गेला. निदान चुकले, पण उपाय चांगला निघाला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दोन इमारतींत इतके अंतर हवे, की खालच्या खोलीलाही आकाशाचा ठरावीक कोन दिसेल, असा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम ट्रस्टने पुढे आणला. दादर-माटुंग्याची आखणी याच ट्रस्टची. त्या भागात फिरताना आजही जो मोकळेपणा जाणवतो, तो कुणीतरी कागदावर कोन मोजून मिळवलेला आहे. त्याच इमारतींच्या गॅलऱ्या आता एकेक करून काचेआड चालल्या आहेत.

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोवंडी-मानखुर्दकडच्या एम-पूर्व विभागात, झोपड्यांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी बांधलेल्या तीन वसाहतींचा संशोधकांनी अभ्यास केला. दोन इमारतींमध्ये जेमतेम काही फुटांची फट असलेल्या या वसाहतींत, जिथे ऊन आणि वारा पोहोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. त्या कुटुंबांना खिडकी कुठे असावी हे कुणी विचारले नव्हते. ज्यांना विचारले जाते, ज्यांच्या हातात चार-पाच लाख रुपये आणि निर्णय दोन्ही असतात, ती माणसे तेच पैसे मोजून स्वतःच्या घराची हवा त्याच दिशेने नेतात, ही या नूतनीकरणाची सगळ्यात विचित्र बाजू आहे.

पीओपीच्या फॉल्स सीलिंगचेही तेच. साडेनऊ फुटांचे छत साडेआठ फुटांवर येते, चोरदिवे बसतात, हॉटेलसारखे वाटते. पण गरम हवा वर जाते आणि तिथे तिला साठायला व निघायला जागा लागते. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत दारे-खिडक्या उघडल्यावर तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती. तशाच उघड्या ठेवलेल्या नव्या खोल्यांत १७ वेळा, आणि यंत्राने हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांत १२ वेळा. रुग्णालयातले आकडे घराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी पणजोबांच्या काळचा गवंडी हवेच्या बाबतीत आजच्या डिझायनरपेक्षा वरचढ होता, एवढे त्यातून नक्की दिसते.

हवा खेळत नसली की पुढचा पाहुणा ओल. पूर्वी बाल्कनीत वाळणारे कपडे आता बेडरूमच्या छताला टांगलेल्या दांड्यांवर वाळतात. धुण्याच्या एका खेपेतले दीड-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत उतरते. जुलैमध्ये बाहेरच इतकी आर्द्रता असते, की ते जाणार कुठे? बाहेरच्या गार भिंतीला चिकटवून बसवलेल्या भिंतभर कपाटामागे ते थांबते आणि तिथे काळे ठिपके उमटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे विकार अधिक होतात, असे त्यांत नोंदवले आहे. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच सुटे ठेवले असते तर हा त्रास कमी झाला असता. पण मग मागे झुरळे होतील म्हणून ती फट बंद केलेली असते.

'नव्या फर्निचरचा वास' हा अनेकांना आवडतो. त्या वासात भर असते फॉर्मल्डिहाइडची. स्वस्त प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड ज्या गोंदाने चिकटवतात त्यातून हा वायू महिनोन्‌महिने निघत राहतो, उन्हाळ्यात आणि दमट हवेत जास्त. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. घरातल्या कपाटाने लगेच कर्करोग होतो असे मुळीच नव्हे. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, दमेकऱ्याचा दमा उसळणे हे परिणाम मात्र लवकर दिसतात. कमी उत्सर्जनाचे, ई-१ किंवा ई-० छापाचे प्लाय मिळते. ते महाग असते. पण हँडलवर पैसे घालणारे लोक याबद्दल विचारतसुद्धा नाहीत.

इथपर्यंतचे सगळे त्रास हळूहळू अंगावर येणारे. एक मात्र मिनिटांत जीव घेतो. न्हाणीघराचे काम निघाले, की छतापर्यंत टाइल्स लागतात आणि वरची काचेच्या पट्ट्यांची तिरकी खिडकी जुनाट दिसते म्हणून काढून तिथे सबंध काच बसते. त्याच न्हाणीघरात गॅसचा गीझर असतो. गीझर जळताना खोलीतला ऑक्सिजन वापरतो. तो कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग गरगरते, पायांतले बळ जाते आणि कडी हाताच्या अंतरावर असूनही उघडता येत नाही. दर हिवाळ्यात अंघोळीला गेलेले कुणीतरी बाहेर आलेच नाही, अशी बातमी छापून येते, आणि घरच्यांना आधी ती हृदयविकाराची घटना वाटते. इतर बाबतींत सोय, खर्च आणि आवड यांची तडजोड समजू शकते. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत ठेवण्याच्या बाबतीत नाही. तो मोकळ्या हवेत, बाहेरच हवा. नाहीतर विजेचा घ्यावा. ज्या ड्राय बाल्कनीत तो बसवला आहे ती पुढे काचेने बंद केली, तर न्हाणीघराचा धोका स्वयंपाकघरात आला एवढेच.

खिडक्या उघड्या ठेवा म्हटले की धूळ, डास आणि कबुतरे समोर येतात, आणि ही तक्रार रास्त आहे. कबुतरांच्या विष्ठेमुळे काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीचा गंभीर आजार होतो. पण त्यावर जाळी हा उपाय आहे, काच नव्हे. जाळीतून वारा येतो. प्रदूषणाचे उत्तर थोडे अवघड आहे. रस्त्याकडेच्या घरात थंडीच्या सकाळी आणि वाहनांच्या गर्दीच्या वेळी खिडकी बंद ठेवणेच बरे, कारण तेव्हा धूर जमिनीलगत अडकलेला असतो. दुपारी तो वर जातो, तेव्हा उघडावी. मात्र बंद घरही स्वच्छ नसते. फोडणीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, सगळे आतच फिरत असते. बाहेर नळी न काढलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी वास थोडा कमी करते. ज्वलनातून निघणारे वायू आणि वाफ पुन्हा स्वयंपाकघरातच सोडते. तिच्यापेक्षा खिडकीतला साधा एक्झॉस्ट पंखा चांगला, पण तो नव्या मॉड्युलर किचनला शोभत नाही.

ज्यांचे काम अजून व्हायचे आहे त्यांना बाल्कनी आत घेतल्यावरही बरेच वाचवता येईल. सरकत्या खिडकीऐवजी बाहेर उघडणारे पल्ले मागावेत. खर्च थोडा वाढतो, पण उघडी जागा दुप्पट मिळते. समोरासमोर दोन खिडक्या असतील तर त्यांच्यामधली वाट कपाटाने अडवू नये. ज्यांचे काम होऊन गेले, त्यांनाही सगळे तोडावे लागत नाही. कायमची बसवलेली एखादी काच उघडती करून घेणे हे सुताराचे एका दिवसाचे काम आहे. गिरगाव-दादरकडच्या जुन्या इमारतींत प्रत्येक दाराच्या वर एक आडवी झडप असे. दार लावून झोपले तरी वारा या खोलीतून त्या खोलीत जाई. फॉल्स सीलिंग करताना ती सहसा काढत नाहीत, कारण काढायची मजुरी वेगळी पडते. नुसती झाकून टाकतात. बऱ्याच घरांत ती पीओपीच्या मागे अजून जागच्या जागी आहे.